पॉप-अप बर्थडे कार्ड: केक नीट उभा राहावा आणि पैसेही उरावेत



कार्ड मेकिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, कार्ड बघून सगळे छान छान म्हणतात, ऑर्डरही येतात, पण महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. असं का?"

एक साधा हिशोब मांडू. समजा पॉप-अप कार्ड तुम्ही ८० रुपयांना दिलं. कागद, टेप, पाकीट धरून सामानाला गेले ४२ रुपये. उरले ३८. कार्ड बनवायला लागले अडीच तास. म्हणजे तासाला तुमच्या हाती पडले साधारण १५ रुपये. आता सांगा, एवढ्या मजुरीवर तुम्ही दुसऱ्याकडे कामाला जाल का?

असं होण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे कार्ड अंदाजाने बनतं. प्रत्येक वेळी नव्याने मोजायचं, कापायचं, चुकलं की परत कापायचं. दुसरं म्हणजे किंमत ठरवताना आपण कागद मोजतो, वेळ मोजत नाही. म्हणून आज दोन्ही गोष्टी करू. आधी एक कार्ड पूर्ण मापांसकट बनवू, मग त्याचा हिशोब बघू. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं टिपून घेताना धांदल होते, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून देतोय. पट्टी-पेन्सिल घेऊनच बसा.

आपण काय बनवणार आहोत?

कार्ड लॅपटॉपसारखं उघडलं की तीन थरांचा केक उभा राहील. केकच्या पुढे एक छोटी खिडकी असेल. कडेची पट्टी ओढली की खिडकीतला मजकूर बदलून तिथे बर्थडे बॉयचं किंवा गर्लचं नाव येईल. उभा राहणारा केक हे पॉप-अप आणि ओढायची पट्टी हे इंटरॅक्टिव्ह. एका कार्डाला एवढं पुरे. पाच गमती भरल्या की कार्ड जाड होतं, वेळ दुप्पट लागतो आणि गिऱ्हाईक मात्र त्यातली एकच गंमत लक्षात ठेवतं.

सामान

* बाहेरच्या कव्हरसाठी ए-४ आकाराचा कार्डशीट, २५० ते ३०० जीएसएम
* आतल्या पानासाठी ए-४ शीट, १८० ते २२० जीएसएम
* केकचे थर, मेणबत्ती आणि पट्टीसाठी तशीच आणखी एक ए-४ शीट
* स्टीलची पट्टी, कटर, कटिंग मॅट
* शाई संपलेलं बॉलपेन (घडीची रेघ दाबायला)
* दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप, थोडा फेविकॉल

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते. झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्याचा केक पहिल्या दिवशी उभा राहतो आणि चौथ्या दिवशी मान टाकतो. उलट ३०० जीएसएमचे थर केले तर घडीवर कागद फाटतो आणि कार्ड नीट बंद होत नाही. म्हणून कव्हर जाड आणि आतलं काम मध्यम, हे प्रमाण ठेवा.

हाताने बनवलेला, पाकळ्या घातलेला कागद दिसतो सुंदर. तो कव्हरवर सजावटीला वापरा. थरांसाठी नको, कारण तो मऊ असतो आणि त्यावर घडीची धार येत नाही.

कागद किरकोळ पाच-पाच शीट घेण्यापेक्षा एकदम पॅक घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे एक चक्कर मारा. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी छापखान्यांना कागद पुरवणारा व्यापारी असतोच, त्याच्याकडेही भाव विचारा.

कागद घेतल्यावर एक गोष्ट तपासा. शीट हातात धरून आधी उभी आणि मग आडवी हलकेच वाकवा. एका बाजूने ती सहज वाकते, दुसऱ्या बाजूने अडते. सहज वाकते त्या दिशेत कागदाचे तंतू असतात. छापखान्यात याला 'ग्रेन' म्हणतात. मुख्य घडी शक्यतो तंतूंच्या दिशेने आली पाहिजे. आडवी घडी घातली तर तिथे कागद तडकतो आणि रंगीत कार्डशीटवर पांढरी रेघ दिसते.

केक उभा का राहतो? हे एकदा समजून घ्या

कार्डाची मधली घडी म्हणजे कोपरा समजा. मागचं पान भिंत, पुढचं पान जमीन. आता भिंतीवर ३ सेंमी उंचीवर आणि जमिनीवर ५ सेंमी पुढे अशी एक पट्टी चिकटवायची आहे. पट्टीचा वरचा भाग ५ सेंमी आणि पुढचा उभा भाग ३ सेंमी ठेवला, तर समोरासमोरच्या बाजू सारख्या होतात. कार्ड उघडताना चौकोन उभा राहतो आणि बंद करताना आपोआप आडवा होऊन सपाट बसतो.

सगळी जादू एवढीच. समोरासमोरच्या बाजू सारख्या. माप २ मिमीने जरी चुकलं तरी खोका तिरका उभा राहतो किंवा कार्ड फुगतं.

दुसरा नियम कार्ड बंद करतानाचा. बंद केल्यावर खोक्याचं टोक घडीपासून उंची अधिक खोली एवढ्या अंतरावर येतं. इथे ३ + ५ = ८ सेंमी. हे अंतर पानापेक्षा मोठं झालं, तर बंद कार्डाच्या बाहेर केक डोकावतो आणि गंमत आधीच फुटते.

हा खोका कार्ड ९० अंशात उघडल्यावर उभा राहतो. पूर्ण सपाट उघडलं तर तोही सपाट होतो. म्हणून कव्हरवर छोट्या अक्षरांत लिहा: "लॅपटॉपसारखं उघडा आणि टेबलावर ठेवा." सपाट उघडल्यावर उभी राहणारी व्ही आकाराची घडी वेगळी असते, ती पुढच्या व्हिडिओत.

आता कृती

१. कव्हर आणि आतलं पान: कव्हरची शीट २९.७ सेंमी लांबीच्या बरोबर मध्ये, म्हणजे १४.८५ सेंमीवर, रिकाम्या बॉलपेनने दाबून दुमडा. आतलं पान चारही बाजूंनी ३ मिमी कमी करा. ते होईल २०.४ × २९.१ सेंमी. तेही मध्ये दुमडा. प्रत्येक अर्धा भाग साधारण १४.५ सेंमीचा झाला. अजून कव्हरला चिकटवू नका.

२. केकच्या पट्ट्या: या मापाने कापा.

* पहिला थर: रुंदी १२ सेंमी, लांबी १० सेंमी. घडीच्या रेघा १, ६ आणि ९ सेंमीवर.
* दुसरा थर: रुंदी ८ सेंमी, लांबी ८.५ सेंमी. रेघा १, ४.५ आणि ७.५ सेंमीवर.
* तिसरा थर: रुंदी ५ सेंमी, लांबी ७ सेंमी. रेघा १, ३ आणि ६ सेंमीवर.

दोन्ही टोकांचा १-१ सेंमी भाग चिकटवण्यासाठी आहे. तिन्ही घड्या एकाच दिशेने, आत दुमडा. म्हणजे चिकटवलेली कड खोक्याच्या आत लपेल. आइसिंग, ठिपके, लेस, काय सजावट करायची ती पट्टी सपाट असतानाच करा. उभ्या केकवर काम करायला तिप्पट वेळ जातो.

३. थर चिकटवणे: पहिल्या थराची वरची कड मागच्या पानावर घडीपासून ३ सेंमीवर आणि खालची कड पुढच्या पानावर ५ सेंमीवर लावा. आता पहिल्या थराचं छप्पर ही दुसऱ्या थराची जमीन झाली. त्यामुळे दुसरा थर मागच्या पानावर ६ सेंमी उंचीवर आणि पहिल्या थराच्या छपरावर ३.५ सेंमी पुढे. तिसरा थर मागे ९ सेंमी उंचीवर आणि दुसऱ्याच्या छपरावर २ सेंमी पुढे. प्रत्येक थर लावला की कार्ड एकदा बंद करून बघा. तिन्ही लावून झाल्यावर बघू म्हणाल तर कुठला थर चुकलाय ते कळणार नाही.

इथे दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप वापरा. फेविकॉलमधल्या पाण्याने पातळ कागद सुरकुततो, आणि वाळेपर्यंत थांबावं लागतं ते वेगळंच.

४. मेणबत्ती: तिसऱ्या थराच्या पुढच्या बाजूला लावा. छपराच्या वर २.५ सेंमी, त्याहून जास्त नाही. का? बंद कार्डात तिसऱ्या थराचं टोक घडीपासून ९ + २ = ११ सेंमीवर येतं. त्यात २.५ मिळवले की १३.५. पान १४.५ सेंमीचं आहे. एक सेंमी मोकळा राहिला, बस.

५. ओढायची पट्टी: पुढच्या पानावर, मधल्या घडीपासून ८.५ ते ११.५ सेंमीच्या मध्ये एक खिडकी कापा. डाव्या कडेपासून ८ सेंमीवर सुरू, १३ सेंमीवर संपणारी. म्हणजे खिडकी ५ सेंमी रुंद, ३ सेंमी उंच.

पट्टी १७ सेंमी लांब, ३.८ सेंमी रुंद. ती पानाच्या मागे, डाव्या कडेपासून ३ सेंमीवर सुरू होईल आणि उजव्या कडेजवळ संपेल. तिच्या डाव्या टोकाला १ सेंमी रुंद आणि ५.५ सेंमी उंच असा आडवा तुकडा चिकटवा. हा झाला अडसर. तो नसेल तर मुलं पहिल्याच झटक्यात पट्टी बाहेर काढतात.

पट्टीच्या वर आणि खाली, पानाच्या मागच्या बाजूला, अरुंद कागदी पट्ट्या चिकटवून वाट तयार करा. या वाटेच्या पट्ट्या डाव्या कडेपासून ९ सेंमीवर सुरू करा आणि उजव्या कडेपर्यंत न्या. त्या दुहेरी कागदाच्या हव्यात, म्हणजे मधली पट्टी अडकत नाही. अडसर बरोबर ५ सेंमी सरकून वाटेच्या तोंडाशी थांबतो, आणि खिडकीही ५ सेंमीचीच आहे. म्हणून पट्टी न ओढता खिडकीत "पट्टी ओढ ना!" दिसतं आणि पूर्ण ओढली की नाव बरोबर मध्ये येतं. अक्षरं पट्टी जागेवर ठेवून, खिडकीतून पेन्सिलने खूण करूनच लिहा.

६. शेवटी कव्हर: आतलं पान कव्हरवर लावा. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिमी जागा कोरडी सोडा, नाहीतर कार्ड बंद होताना ताणतं. पट्टी आणि अडसर सरकतात त्या जागेतही टेप किंवा गोंद येऊ देऊ नका. उजव्या कडेला पट्टीच्या जागी कव्हर आणि आतलं पान दोन्हींना बोटापुरती अर्धगोल खाच मारा. पट्टी बाहेर डोकावत नाही, तरी चिमटीत धरता येते.

विकण्याआधीची परीक्षा

कार्ड ५० वेळा उघडा-बंद करा. पट्टी २० वेळा ओढा. मग रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा आणि सकाळी उघडा. गिऱ्हाइकाकडे कार्ड पाकिटात दोन-तीन दिवस दाबून राहणार आहे, त्याची ही तालीम. शेवटी घरातल्या एखाद्या लहान मुलाच्या हातात काही न सांगता द्या. कुठे ओढायचं ते त्याला विचारावं लागलं, तर तुमचा बाण किंवा मजकूर नीट दिसत नाहीये.

काही जण केकवर एलईडीही लावतात. तांब्याचा टेप आणि ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल वापरून ते करता येतं. पण असा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मुलांच्या कार्डात सेल नको, हा नियमच करा. मोठ्यांच्या कार्डातही तो सहज निघणार नाही असा बंदिस्त ठेवा.

एकाऐवजी दहा बनवा

आता पैशाकडे येऊ. वरची मापं एकदा पक्की झाली की जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवा. प्रत्येक थराचा एक, खिडकीचा एक, पट्टीचा एक. फर्म्यावर घडीच्या जागी छोट्या खाचा मारा. यापुढे मोजायचं नाही, फक्त फर्मा ठेवून आखायचं.

आणि दहा कार्डं एकदम घ्या. दहांचं आखणं, मग दहांचं कापणं, मग दहांच्या घड्या. उदाहरणादाखल अशी वेळ धरू: आखणी ६० मिनिटं, कापणं ११०, घड्या ६०, चिकटवणं १००, सजावट आणि तपासणी ७०. एकूण ४०० मिनिटं. म्हणजे एका कार्डाला ४० मिनिटं. सुट्या कार्डाला अडीच तास लागत होते! तुमची वेळ वेगळी असेल, म्हणून मोबाइलवर टायमर लावून स्वतःची वेळ लिहून काढा. हे आकडे वहीत असल्याशिवाय किंमत ठरवू नका.

किंमत कशी काढायची?

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातले भाव घालून बघा.

* तीन ए-४ शीट: २१ रुपये
* रंगीत कागद, सजावट: ७ रुपये
* टेप, गोंद: ४ रुपये
* पाकीट आणि आतला पुठ्ठा: ६ रुपये
* वाया जाणारं सामान, साधारण १० टक्के: ४ रुपये
* मजुरी, ४० मिनिटं, तासाला ९० रुपयांनी: ६० रुपये
* ब्लेड, मॅटची झीज, वीज, मोबाइल: ८ रुपये

एकूण ११० रुपये. नाव घालायचं असेल तर व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि अक्षरं लिहिणं यांची १० मिनिटं, म्हणजे आणखी १५ रुपये. झाले १२५.

मजुरी हा खर्च आहे, नफा नाही, हे इथे पक्कं करा. उद्या मदतीला कोणी घेतलं तर त्यांना हे ६० रुपये द्यावेच लागतील. आज ते काम तुम्ही करताय, म्हणून ते फुकट होत नाही.

आता बरेच जण १२५ वर ४० रुपये चढवून १६५ किंमत ठेवतात. घरून विकताना ठीक वाटतं. पण उद्या एखादं गिफ्ट शॉप म्हणालं, "आमच्याकडे ठेवा, आम्ही ३० टक्के घेऊ," तर? नावाची पट्टी कोरी असलेलं, ११० रुपये खर्चाचं कार्ड तुम्ही दिलं. १६५ मधून ३० टक्के गेले की हातात ११५ रुपये ५० पैसे. उरले साडेपाच रुपये. एक कार्ड खराब होऊन परत आलं की वीस कार्डांचा नफा गेला.

म्हणून उलटीकडून मोजा. दुकानाला देऊनही खर्चावर २० टक्के सुटायला हवेत, म्हणजे हातात १३२ रुपये यायला हवेत. ते किमतीच्या ७० टक्के असतील, तर १३२ भागिले ०.७, साधारण १८९. छापील किंमत ठेवा १९० रुपये. दुकानातून विकलं तर खर्च जाऊन २३ रुपये उरतात. घरून, नाव घालून विकलं तर ६५.

मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून आणखी एक सांगतो. दुकानात १९० आणि तुमच्या इन्स्टाग्रामवर १५०, असं कधीही करू नका. गिऱ्हाईक दुकानात बघून तुमच्याकडे येईल खरं, पण दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही. किंमत सगळीकडे एकच ठेवा. घरून घेणाऱ्याला नाव फुकट घालून द्या, तो फरक दुकानदाराला चालतो. आणि दुकानात माल देताना एक नमुना वेगळा द्या, वर "सॅम्पल" लिहून. लोक पॉप-अप कार्ड उघडून बघणारच. नमुना नसेल तर विकायची कार्डंच मळतात, आणि ती तुमच्याकडे परत येतात.

"१९० ला कोण घेणार?" ही भीती मनात येईल. २०-३० रुपयांचं छापील कार्ड घेणारा तुमचं गिऱ्हाईक नाहीच. तुमचं गिऱ्हाईक पाचशे रुपयांच्या गिफ्टसोबत काहीतरी खास शोधतंय. त्याला फोटो पाठवू नका, पट्टी ओढतानाचा १० सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. हे कार्ड हलताना दिसलं तरच त्याची किंमत पटते.

ऑर्डर घेताना

* नावाचं स्पेलिंग आणि तारीख लेखी मागवा. फोनवर ऐकून लिहू नका.
* निम्मे पैसे आधी घ्या. नाव घातलेलं कार्ड दुसऱ्याला विकता येत नाही.
* तयार कार्ड मोजून पाकीट बनवा. पॉप-अप कार्ड जाड असतं, बाजारातल्या चपट्या पाकिटात कोंबलं की थर दबतात.
* कुरिअरने पाठवताना दोन्ही बाजूंना कोरुगेटेड पुठ्ठा लावा.
* डोरेमॉन, छोटा भीम, मिकी माउस अशी चित्रं विकायच्या कार्डावर परवानगीशिवाय वापरू नका. ती कंपन्यांची मालमत्ता आहे. ओढायच्या पट्टीसारख्या मूळ युक्त्या मात्र जुन्या आहेत. जर्मनीत लोथार मेगेनडॉर्फरने एकोणिसाव्या शतकातच अशी हलणारी पुस्तकं बनवली होती. युक्ती वापरा, चित्र स्वतःचं काढा.

या आठवड्याचा गृहपाठ

पहिलं कार्ड वरच्या मापाने, कसलीही सजावट न करता, कोऱ्या कागदावर बनवा. ते नीट उभं राहिलं की फर्मा कापा. मग पाच कार्डं एकदम करा आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटं लिहा. त्यातून तुमचा खर्च काढा आणि त्याच कागदावर छापील किंमत लिहा. सजावट, फोटो, इन्स्टाग्राम पेज हे सगळं त्यानंतर.

तुमच्या पाच कार्डांना एकूण किती मिनिटं लागली, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. सगळ्यात जास्त वेळ कापण्यात जात असेल तर तेही सांगा. त्यावर काय करता येईल ते पुढच्या वेळी बघू.

भेटूया!